अर्ध्या राहिलेल्या गोधड्या

गोधडी कुणासाठी हे ठरल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. माप, वजन, कापड, सगळं त्या माणसावरून ठरतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला दोन हात लांबी-रुंदी पुरते. म्हाताऱ्या माणसाला जड पांघरूण सोसत नाही, म्हणून आजीसाठी तीनच पदर घ्यायचे. रात्री पिकाच्या राखणीला जाणाऱ्याला मात्र जाडजूड वाकळच हवी. पुरं नऊवार लुगडं अठरा हात भरतं. त्याचे साडेचार हातांचे चार तुकडे करून एकावर एक पसरले, की एका मोठ्या माणसाची गोधडी होते. हा हिशेब जुन्या बायकांनी कुठे लिहून ठेवला नाही, पण त्यांच्या हातात तो पक्का होता.

कापड जुनंच हवं, याला कारण आहे. नव्या सुती कापडात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटतं. एक पदर आटला आणि दुसरा नाही, तर गोधडी गोळा होते. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्याचं आटून झालेलं असतं, सूत मऊ पडलेलं असतं आणि सुई अडत नाही. इरकल वापरायचं तर त्याचा पदर आधी कापून बाजूला ठेवते. अंग सुती आणि पदर रेशमी, अशी दोन सुतं एकत्र नीट नांदत नाहीत. काठ मात्र टाकायचे नाहीत. कडेची पट्टी त्यांचीच होते, आणि माहेरची माणसं काठावरूनच ओळखतात की हे लुगडं कुणाचं. घराघरांत नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या तेव्हापासून हे कापड मिळणं अवघड झालं आहे. कपाटं साड्यांनी भरलेली असतात, आणि गोधडीच्या कामाची त्यात एखादीच निघते. त्या घसरड्या साड्यांचे पदर एकमेकांवर ठरत नाहीत, घामही टिपत नाहीत.

पदर जमिनीवर ताणून पसरायचे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं आणि लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, आणि असंच आत आत जायचं. प्रत्येक फेऱ्यात कापडाची थोडी ढील मधल्या बाजूला सरकते. ती डाव्या हाताच्या तळव्याने सारखी पुढे लोटत राहावी लागते, नाहीतर शेवटी मध्यावर चुण्या साठतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात. चारी कोपऱ्यांवर त्या कापडाची घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. कोपऱ्यांवर फुलं नसतील तर ती कवंदी त्यांना उघडी वाटते. मीही अलीकडे माझ्या गोधड्यांच्या कोपऱ्यांवर फुलं लावते.

आता अर्ध्या राहिलेल्या गोधड्यांकडे येते. माझ्या माळ्यावर त्यांचं एक गाठोडं आहे, आणि ते सोडून बसले तेव्हा सगळ्यांत सारखी एक गोष्ट दिसली. कडा पुऱ्या झालेल्या आणि मध्य कोरा. कडेला चार बायका चार बाजूंनी बसू शकतात. कापड मांडीवर ओढून घेता येतं, बोलता बोलता फेरा होतो. मध्याशी पोचलं की गोधडीवरच बसून, पाठ वाकवून शिवावं लागतं. तिथे एकीलाच जागा असते, आणि थोड्या वेळाने ती उठून दुसरीला बसवते. पूर्वी हे उन्हाळ्याचं काम. रानातली कामं उरकलेली, दुपार मोठी आणि ओसरीवर आळीतल्या बायका जमलेल्या. आता फ्लॅटमध्ये मी एकटी बसते. मध्यावर आले की पाठ दुखते, उठवणारी दुसरी कुणी नाही, आणि एकदा गुंडाळून ठेवलेलं काम पुन्हा पसरायला अख्खी खोली रिकामी करावी लागते. बायका आळशी झाल्या, त्यांना वेळ नसतो, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. हे काम मुळात एका माणसाचं नाहीच.

दुपट्याचं उदाहरण घ्या. पुष्कळ घरांत बाळ होण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. मग बाराव्या दिवशीच्या बारशापर्यंत जेमतेम वेळ मिळतो, आणि त्यात बाळंतिणीची उस्तवारही असते. तरी पूर्वी बारशाला झबलं, टोपडं आणि दुपटं तयार असायचं, कारण आजी, आत्या, मावशी, शेजारीण अशा सगळ्यांचे हात त्याला लागलेले असायचे. माझ्या भाचीसाठी घेतलेलं दुपटं बारशाला झालं नाही. ती चालायला लागली, शाळेत गेली आणि दुपटं राहिलं. पुढे मी त्याला चारी बाजूंनी नव्या पट्ट्या जोडल्या आणि ती कॉलेजला हॉस्टेलवर गेली तेव्हा पांघरूण करून दिलं. माणूस वाढलं की मापही वाढवायचं. दुपट्यात ती सोय आहे.

वडिलांसाठी घेतलेल्या गोधडीचं इतकं सोपं नव्हतं. त्यांची दोन धोतरं आत आणि आईचं लुगडं वरून, असं ठरलं होतं. त्यांच्या हयातीत ती पुरी झाली नाही. त्यानंतर ती पुरी करू नये, गेलेल्या माणसाच्या नावाची वस्तू घरात अंगावर घेऊ नये, असं मला दोघी-तिघींनी मायेनेच सांगितलं. मी ऐकलं नाही. कोलकात्यातल्या जोका इथे गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईने आपल्या वडिलांसाठी केलेली कांथा, म्हणजे तिकडची गोधडी, आहे. आपलं नाव आणि नातं तिने त्यावर टाक्यांनीच लिहून ठेवलं आहे. आपल्या गोधड्यांवर नाव घालायची रीत नाही, पण नातं त्यात असतंच, ते कापडातून येतं. वडिलांची धोतरं ज्या गोधडीत आहेत ती आईने पांघरावी, यापेक्षा तिचा योग्य उपयोग मला सुचला नाही. मी आणि माझ्या वहिनीने मिळून ती पुरी केली, आणि आई ती रोज घेते.

गाठोड्यात आत्याबाईंची एक गोधडी होती. त्यांचे टाके बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढे. माझे त्याहून लांब. त्यांच्या शेवटच्या गाठीपासून मी पुढे शिवायला घेतलं, तेव्हा एकीने सुचवलं की जुना दोरा उसवून सगळी एकसारखी करावी. तसं करणं मला अन्यायाचं वाटलं. आज ती गोधडी उलगडली की आत्याबाईंचा हात कुठे थांबला आणि माझा कुठून सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवता येतं. पुढे ती विरली की तिच्यावर आणखी दोन पदर चढतील आणि ती नव्या गोधडीच्या पोटात जाईल. गोधडी अशीच पुढे जाते. जुनी फेकून देत नाहीत, तिच्यावरच नवी शिवतात.

तुमच्या माळ्यावर, पेटीत, दिवाणाच्या पोटात असं एखादं गाठोडं असेल. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं निघतात तेव्हा ते बाहेर काढा. त्यातली गोधडी कुणासाठी घेतली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. त्याला आठवत असेल तोवरच हे कळेल. मध्य कोरा असेल तर आधी धुवू नका, आतले पदर सरकून गोळे होतील. नुसतं ऊन दाखवा. मूळ रंगाचा दोरा मिळाला नाही तरी चालेल, पण सुती घ्या. आणि एकट्या बसू नका. नणंदेला बोलवा, शेजारणीला बोलवा, शिवता येत असेल तर मुलालाही बसवा. मध्य पुरा झाल्यावर मग धुवायला काढा, आणि तेव्हाही दोघी लागतील. ओली गोधडी एकीला पिळवत नाही.