जुन्या गो-कार्टची चाके आणि ब्रेक

कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यातील कारागीर आर्ट इंगल्स यांनी, लू बोरेली या स्नेह्याच्या साहाय्याने, गवत कापण्याच्या यंत्राचे वेस्ट बेंड टू-स्ट्रोक इंजिन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून १९५६ साली जी इवलीशी गाडी सिद्ध केली, तिच्यापासून गो-कार्टचा वंशविस्तार झाला. आणि त्या वंशातील आरंभीच्या गाड्यांची चाके व ब्रेक पूर्वस्थितीला आणणे, हा लॉस एंजेलिसच्या परिसरात स्थायिक झाल्यापासून माझा व्यवसाय आहे.

त्या काळची पुष्कळशी चाके दोन अर्धुके बोल्टांनी जोडून केलेली असतात, म्हणून बोल्टाला पाना लावण्यापूर्वी टायरमधील हवा संपूर्ण सोडावी. एरवी कोंडलेला दाब ती अर्धुके उधळून लावतो. चाक सुटे झाल्यावर मात्र घाईने ब्रश उचलू नये, कारण धुळीच्या व करड्या बुरशीच्या थराखाली ॲल्युमिनियम आहे की मॅग्नेशियम, याची खातरजमा झाल्यावाचून स्वच्छतेचा कोणताही उपाय निर्धोक ठरत नाही. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि मॅग्नेशियमची १.७४, त्यामुळे सरावलेल्या हाताला वजनावरूनच बरेचसे कळते; तरीही चाकाच्या आतील बाजूस, दृष्टीस न पडेल अशा जागी, किंचित खरवडून सिरक्याचा थेंब टाकला असता मॅग्नेशियमवर तत्काळ बुडबुडे येतात आणि ॲल्युमिनियम निर्विकार राहते, हा दाखला मी अधिक ग्राह्य मानतो. या दोन धातूंचे स्वभाव एवढे परस्परविरुद्ध आहेत की, ज्या कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळू लागते त्यात मॅग्नेशियम सुखरूप राहते, आणि ज्या सौम्य आम्लाने ॲल्युमिनियम उजळते ते मॅग्नेशियमला कुरतडून टाकते. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो व त्यावर पाणी ओतल्यास आग अधिकच भडकते, म्हणून घासकामाजवळ कोरडी वाळू हवीच.

पोलादी बोल्ट आणि मॅग्नेशियम यांच्या सांध्यात ओल शिरली की बोल्ट शाबूत राहून त्याच्याभोवतीचे चाकच झिजते; सबब भेगांचा शोध मी बोल्टांच्या छिद्रांपासून आरंभितो. स्वच्छ पृष्ठभागावर तांबडा द्रव लावून, काही वेळाने तो पुसून, वर पांढरी भुकटी मारली असता भेगेत मुरलेला रंग रेषारूपाने बाहेर येतो. जे चाक या परीक्षेत उतरते त्याला आरशासारखी झिलई देण्याचा आग्रह अनेक मालक धरतात आणि मी तो यथाशक्ति मोडून काढतो. कारण ओतकामाचे खडबडीत कण, कारखान्याची उठावदार अक्षरे आणि कानशीचे ओरखडे हाच त्या चाकाचा दस्तऐवज असून, बफिंगच्या चक्रावर तो घटकाभरात नष्ट होतो व पुन्हा लिहिता येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी अशी कोणतीही माया बाळगीत नाही. गो-कार्टच्या मागील आसाला डिफरेन्शियल नसतो, दोन्ही चाके एकाच अखंड आसावर फिरतात, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत त्या आसावरील एकमेव ड्रम अथवा डिस्क हाच साऱ्या गाडीचा ब्रेक असतो. तो निकामी झाला तर चालकाला दुसरा आधार उरत नाही. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ती धूळ कंप्रेसरच्या हवेने उडविणे हा मी गुन्हा समजतो. ओल्या फडक्याने टिपून ते फडके बंद पिशवीत घालावे. कॅलिपरमधील रबरी सील कितीही शाबूत दिसोत, ते बदललेच पाहिजेत, आणि ग्लायकॉलवर आधारलेल्या ब्रेक ऑइलसाठी केलेल्या सीलांना खनिज तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण त्याने रबर फुगून पिस्टन अडकतो. कठीण केलेले पोलादी बोल्ट गंज काढण्यासाठी आम्लात बुडविल्यास हायड्रोजन धातूत शिरून ते ठिसूळ होतात व नंतर अकस्मात तुटतात. तेथे नवा बोल्ट घालावा आणि जुना, मालकाची इच्छा असल्यास, डबीत जपून ठेवावा.

ज्या गाडीचा ब्रेक अशा रीतीने नव्याने बांधला गेलेला नाही, तिची चाके कितीही देखणी असोत, ती प्रदर्शनात खुशाल मांडावी. धावपट्टीवर उतरवू नये.