पिसं झडण्याचे दिवस

ऑक्टोबर सरत आला की रत्नागिरीला आमच्या मागीलदारी कुणीतरी उशी फोडल्यासारखी पिसं पसरलेली असतात. फणसाखाली, न्हाणीच्या मागे, पार विहिरीपर्यंत... आणि त्या पसाऱ्यातून आमच्या पाच कोंबड्या चोरासारख्या फिरत असतात. मान उघडी, शेपूट गायब, तुरा फिकट. गेल्या वर्षी तांबडीला बघून माझ्या पुण्याच्या मित्राने विचारलं, "अरे, ही अर्धी सोललेली कशी काय फिरतेय?" :)

तर, हा आजार नाही. कोंबडी साधारण वर्ष-दीड वर्षाची झाली की जुनी पिसं गळून नवी येतात आणि पुढे दरवर्षी हेच. दिवस लहान व्हायला लागले की ही झड सुरू होते. गंमत म्हणजे उजेड तिला फक्त डोळ्यांनी कळत नाही. पक्ष्यांच्या कवटीतून आत शिरणारा उजेड मेंदूतल्या पेशी थेट टिपतात. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर, म्हणजे आपल्याकडे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात फरक जेमतेम दोन तासांचा. तेवढाही तिला पुरतो! आमच्याकडे मात्र सगळ्यांची एकदम झडत नाहीत. एक सप्टेंबरातच सुरू करते, दुसरी दिवाळीनंतर. आधी डोकं आणि मान, मग अंग, पंख, शेपूट असं होत होत दोन-तीन महिने जातात.

या काळात अंडी बंद. कारण साधं आहे. पिसं म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच, ८५ टक्क्यांच्या आसपास. खाल्लेलं सगळं तिकडे जातं, मग अंड्याला कुठून उरणार?

आणि इथेच तिच्या जिवावर बेततं. आमच्याकडे अंडी न देणाऱ्या कोंबडीची दोनच निदानं होतात, 'खुडूक झाली' नाहीतर 'म्हातारी झाली'. खुडूक हा प्रकार वेगळा. ती अंग फुगवून घरट्यात ठाण मांडते, हात लावला तर टोचते. ही बिचारी एकटीच कोपऱ्यात उभी असते. दुसऱ्या निदानावर उपाय एकच, वडे आणि रस्सा. कोंबडी-वडे मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू? पण झड संपली की हीच कोंबडी पुन्हा अंड्यावर येते. पहिल्या वर्षाइतकी नाही देत, पण अंडं मोठं आणि कवच घट्ट. शेजारचे काका तांबडीसाठी गिऱ्हाईक घेऊनच आले होते. आई म्हणाली, "वर्षभर आम्ही तिची अंडी खाल्ली, आता दोन महिने ती बसून खाईल." विषय संपला.

करायचं तसं फार नसतं. नुसत्या तांदळाच्या कणीवर भागत नाही, प्रथिनं हवीत. आपल्याकडे सुकट आहेच. मिठाची खारवलेली मासळी मात्र नको. जोडीला शेंगदाण्याची पेंड, मोड आलेली मटकी. नव्या पिसांचे कोंब रक्ताने भरलेले असतात, दाबले तर दुखतं, म्हणून उगाच उचलायचं नाही. पंखांची पिसं गळलेली कोंबडी मुंगसापासून उडून वाचू शकत नाही, तेव्हा दिवेलागणीच्या आधी खुराड्यात. आणि पिसं उचकून कातडी बघायची. कोंब दिसले तर झड, उवा-पिसवा दिसल्या तर औषध. मान वाकडी, हिरवट हगवण, धाप असं दिसलं तर मात्र ती मानमोडी असू शकते. तिला लगेच वेगळी काढून पशुवैद्याला दाखवायचं.

मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये ही झड मुद्दाम घडवून आणायची पद्धत होती. काही दिवस दाणा बंद, म्हणजे सगळ्या एकदम झडतात आणि एकदम अंड्यावर येतात. २०११ मध्ये भारतीय पशु कल्याण मंडळाने असं उपाशी ठेवणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या विरुद्ध असल्याचं सांगितलं. हिशेबाच्या वहीत त्या पद्धतीचं गणित चोख बसतं, हे मला कळतं. आमच्या धंद्यातही प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर जातो आणि दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी त्याचा हिशेब मांडायला बसतं. तो काही नवं शिकतोय का, दमलाय का, हे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात येत नाही. आमच्या आईकडे तक्ताच नाही. तिला वर्षभराची अंडी आठवतात, बस्स.

जानेवारीत तांबडी अशी काही चकचकीत झाली की ओळखू येईना. मग एक दिवस अंडं घातलं आणि ओरडून ओरडून सगळ्या वाडीला सांगितलं. काका अंडी मागायला आले. आईने दिली.

यंदा काळीचा नंबर लागलाय. सुकट आणून ठेवलीय.