ठशाला गेलेली चीर

आमच्या देव्हाऱ्यात, ताम्हनातल्या बाळकृष्णाच्या उजव्या अंगास, तांब्याचे एक जाड, ओबडधोबड आणि कोणत्याही बाजूने वर्तुळ न साधलेले नाणे असे; आणि दर सोमवारी देव उजळावयास घेतले म्हणजे आजी तेही चिंचेच्या कोळाने देवांइतक्याच निष्ठेने घाशीत असे. तिच्या सासूने घासले, तिने घासले, पुढे माझ्या आईनेही घासले, आणि अशा तीन पिढ्यांच्या अंगठ्यांखाली त्यावरील अक्षरे इतकी झिजली, की मी ते प्रथम तळहातावर घेतले तेव्हा ‘श्री’चा जो काही अंश उरला होता तो डोळ्यांपेक्षा बोटालाच अधिक कळत होता. नाणकशास्त्राचे पहिले पथ्य असे, की तांब्याच्या जुन्या नाण्यास चिंच, लिंबू अथवा राख यांचा स्पर्श होऊ देऊ नये. त्यावर चढलेला हिरवा-काळा कळंक हेच त्याचे कवच. हे पथ्य मला आज ठाऊक आहे, तथापि त्या नाण्यापुरते आजीचेच करणे मला योग्य वाटते. तिच्या लेखी ती वस्तू संग्रहातली नव्हती, पूजेतली होती.

ती शिवराई होती. १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडण्यात आली. एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती मण्यांची किनार, आणि एवढेच. ज्या काळात दख्खनच्या बहुतेक नाण्यांवर फारशी अक्षरे उमटत होती, त्या काळात देवनागरी लिपीतला हा खुर्दा रयतेच्या कनवटीस आला. होन आज दुर्मिळांतही दुर्मिळ आहे. शिवराई मात्र राजे गेले, गादी साताऱ्यास गेली, कारभार पुण्यास गेला, पेशवाईही बुडाली, तरी चालतच राहिली. उत्तरकाळात तिच्या ओळींमध्ये दोन समांतर रेघा आल्या, तेव्हा लोक तिला दुदांडी म्हणू लागले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे आगगाडी बोरघाट चढून गेल्यानंतरही, दख्खनच्या बाजारात भाजीवालीच्या पाटीत तीच पडत होती.

एवढ्या दीर्घ काळात ती किती ठिकाणी पाडली गेली असेल! टांकसाळ हे त्या राज्यात एकाच सरकारी वाड्याचे नाव नव्हते. पेशवे सरकारातून सोनारांस, सावकारांस टांकसाळीचे परवाने मिळत, मक्त्याची रक्कम सरकारजमा होई, आणि मक्तेदार आपल्या गावी भट्टी पेटवी. १७४४ च्या सुमारास नागोठणे व रेवदंडा येथील तांब्याच्या टांकसाळींस असे परवाने मिळाल्याचे दप्तरातून कळते. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला, त्याने या विषयाकडे विद्वानांची दृष्टी प्रथम वळविली. आणि १९८९ साली माहेश्वरी व विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर जो ग्रंथ सिद्ध केला, तो माझ्या उशाशी असतो. पण दप्तर एका खोलीत आणि नाणे दुसऱ्या खोलीत, अशी आपली स्थिती आहे. शिवराईवर साल नाही. टांकसाळीचे नावही नाही. नागोठण्याची शिवराई कोणती हे नागोठण्याचा परवाना सांगत नाही, आणि शिवराई तर काहीच सांगत नाही, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

ती समजूत प्रथम हलली ती दूरच्या एका देशातील तांब्यामुळे. फिलाडेल्फिया येथे १७९२ साली टांकसाळ स्थापन झाली, आणि १७९३ ते १८५७ या काळात तेथून तांब्याचा मोठा सेंट निघत राहिला. आरंभीचे ठसे हातांनीच सिद्ध होत असल्याने कोणताही ठसा दुसऱ्यासारखा उतरला नाही: कोठे स्वातंत्र्यदेवीच्या केसांची बट लांबली, कोठे अपूर्णांकाची रेघ आखूड झाली. पहिल्याच ठशावर जागा अपुरी पडेल या धास्तीने खोदणाऱ्याने देशाचे नाव ‘अमेरि’ एवढ्यावरच आवरले. १७९४ च्या एका ठशाच्या किनारीत तर ९४ इवल्या चांदण्या कोरलेल्या आहेत. त्या का कोरल्या हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. या भेदांचा छंद तेथे इतका जडला, की विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली, १७९३ ते १८१४ पर्यंतच्या सेंटांचे ठसे जोडी-जोडीने लावून प्रत्येक जोडीस क्रमांक दिला. आजही तेथील संग्राहक आपल्या नाण्याचा उल्लेख त्या क्रमांकाने करतो, जसा आपल्याकडे सातबारावरच्या जमिनीचा उल्लेख गट क्रमांकाने व्हावा. ते वाचून मला हेवा वाटला. आणि हेव्यामागून प्रश्न आला, की ज्यांच्या नाण्यावर साल छापलेले आहे त्यांनी ठशांची एवढी चिकित्सा केली, तर ज्या नाण्यावर ठशाखेरीज दुसरा साक्षीदारच नाही, त्याच्या ठशांची आपण किती करावयास हवी!

प्रश्न पुस्तकाने घातला खरा, पण त्याचे उत्तर मिळाले ते मरोळमध्येच. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर तात्या राहत. उभा जन्म त्यांनी येथील एमआयडीसीतल्या एका गाळ्यात डायमेकर म्हणून काढला होता. पत्र्याच्या झाकणांचे, बिजागऱ्यांचे, कसल्या कसल्या बिल्ल्यांचे साचे त्यांच्या हातून निघाले. एका रविवारी मी ओटीवर शिवराया मांडून बसलो असता ते येऊन टेकले, आणि त्यांतली एक उचलून, ‘शिव’ या अक्षरांतून किनारीपर्यंत गेलेल्या रेघेवर त्यांनी नख फिरविले. तो ओरखडा आहे, असे मी म्हणालो.

“नाही भाऊ,” ते म्हणाले, “ओरखडा खाली जातो, ही रेघ वर आलीय. चीर ठशाला गेली की पत्रा तिच्यात शिरतो. पाणी जास्त दिलंय पोलादाला, म्हणून तडकलंय. अजून थोडा माल काढला असेल त्यांनी ह्यावर, मग टाकला असेल.”

तात्यांस शिवराई ठाऊक नव्हती आणि नाणकशास्त्र हा शब्दही त्यांनी ऐकला नव्हता. परंतु दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या एका अनामिक कारागिराची अडचण त्यांनी नखाने ओळखली, आणि ती ओळखताना त्यांच्या मुद्रेवर जे दिसले त्याला आपलेपणाखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. भट्टीतून काढलेल्या पोलादास पाणी पाजणे म्हणजे काय, ते कमी झाले तर ठसा कसा दबतो आणि अधिक झाले तर कसा फुटतो, हे त्यांनी त्या दिवशी मला समजावून सांगितले. पुढे ते कोकणात आपल्या गावी गेले. पण त्या दिवसापासून माझे नाणी पाहणे बदलले.

कारण चीर वाढते. ठसा एकदा तडकला म्हणजे हातोड्याच्या प्रत्येक आघातासरशी ती रेघ केसाएवढी पुढे सरकते, फाटे फोडते, आणि अखेर ठशाचा तुकडाच निखळून पडतो. म्हणून एकाच ठशाच्या चार शिवराया हाती आल्या, तर निष्कलंक ती पहिली, किनारीवर चीर असलेली दुसरी, अक्षरापर्यंत चीर पोहोचलेली तिसरी आणि जिच्यावर एका बाजूस नुसता तांब्याचा फुगवटा आहे ती चौथी, असा निःशंक क्रम लावता येतो. आणखी एक गोष्ट अशी, की खालचा ठसा ऐरणीत रोवलेला असे आणि वरचा हातात धरून त्यावर घण पडे. मार वरच्यावर अधिक, म्हणून तो लवकर संपे आणि खालच्यास नवा जोडीदार मिळे. त्यामुळे एक ‘श्री राजा शिव’ दोन-तीन ‘छत्र पति’शी संसार करताना आढळतो; त्यांतला एखादा ‘छत्र पति’ मग दुसऱ्याच ‘श्री राजा शिव’शी जोडलेला सापडतो; आणि अशी एकेक कडी जुळत जाऊन एका टांकसाळीचा वंशवृक्ष, तिचे नाव कळण्यापूर्वीच, डोळ्यांपुढे उभा राहतो.

या कामात शिवराई सेंटापेक्षा कठीण. तांब्याची चकती लहान आणि ठसा मोठा, म्हणून बहुतेक नाण्यांवर लेखाचा काही भाग चकतीबाहेर राहिलेला असतो: कोणावर ‘श्री’ नाही, कोणावर ‘ति’ नाही, कोणावर किनारीचे चारच मणी. एकाच ठशाची सात-आठ नाणी जमविली, त्यांची छायाचित्रे एका मापाची केली आणि एकावर एक ठेवून पाहिली, तेव्हा कोठे तो ठसा अखंड दिसतो. मग ध्यानात येते, की कोणी ‘सिव’ खोदले आहे, कोणी ‘शीव’. कोणी ‘पति’स दीर्घ केले आहे, तर कोणाचे ‘छत्र’ ‘छत्रे’ झाले आहे. यांस अशुद्धे म्हणणारे विद्वान मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. पोलादात उलटी अक्षरे खोदणारा तो मनुष्य बहुधा कोणत्याही पंतोजीपुढे बसलेला नव्हता. जसे बोलत होता, जसे ऐकत होता, तसे त्याने खोदले, आणि त्या काळच्या बखरी लिहिणाऱ्यांची तरी ऱ्हस्व-दीर्घे एकसारखी कोठे होती? त्याची वेलांटी हेच त्याचे हस्ताक्षर, आणि त्याचे एवढेच हस्ताक्षर जगात शिल्लक आहे.

शिवराया आल्या कोठून, याची कथा फार सुखाची नाही. तांबटांनी त्या शेराच्या मापाने विकत घेऊन हंड्या-कळशा केल्या. झारेकऱ्यांनी तीर्थक्षेत्रांच्या नदीपात्रांतली वाळू चाळून ज्या काढल्या, त्याही पुष्कळ अंशी मोडीतच गेल्या. शेतात नांगराला हंडा लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो; पण तांब्याचा हंडा पाहून कोणी कचेरीची पायरी क्वचितच चढतो. तो हंडा फुटतो, वाटला जातो, आणि ज्या दोनशे नाण्यांनी एकत्र राहून एका टांकसाळीची साक्ष दिली असती, ती दोनशे दुकानांत विखुरतात. याचे मला खरोखर दुःख होते. सोन्याचा होन चोरीस गेला तर वर्तमानपत्रात येते. येथे एक संपूर्ण दप्तर वितळते आणि कोणास चाहूलही लागत नाही.

या दोन तांब्यांचे, आपल्या आणि फिलाडेल्फियाच्या, एक नातेही आहे. बर्मिंगहॅमनजीक सोहो येथे मॅथ्यू बोल्टनने वाफेवर चालणारी टांकसाळ उभारली. तेथून ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ आणि १७९४ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून आणविले; एका बाजूस कंपनीची गठ्ठ्यावरची खूण, दुसऱ्या बाजूस तराजू, आणि त्याखाली ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द फारशी लिपीत. त्याच बोल्टनने त्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीस सेंटासाठी कोऱ्या चकत्या पुरविल्या. माझ्याकडे तराजूचा असा एक पैसा आहे. तो गोल आहे, गुळगुळीत आहे, त्याची किनार अव्यंग आहे. आणि तो हाती घेतला की माझे मन त्याच्यावर फार वेळ ठरत नाही.

मरोळ हे साष्टीतले गाव. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, दोन वर्षांनी वसई पडली, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, म्हणजे सुमारे सदतीस वर्षे, या भातखाचरांवर पेशव्यांचा अंमल होता. येथल्या ख्रिस्ती कुणब्यांचे १५७९ सालचे जुने देऊळ आज सीप्झच्या आवारात ओसाड उभे आहे. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती तेथून उठली आणि मरोळच्या गावठाणात आली. सुक्या मासळीच्या बाजारावरून जाताना बोंबलांचा तो उग्र वास येतो, तेव्हा हटकून मनात येते, की या गावच्या एखाद्या बाईने सोड्याच्या वाट्यासाठी मोजलेली शिवराई, तिच्या ‘शिव’ची वेलांटी डावीकडे किंचित कललेली, कदाचित माझ्याच तबकात असेल.

गेल्या पावसाळ्यात एका विक्रेत्याकडे शिवरायांचा लहानसा ढीग आला होता. त्यात मला ती वेलांटी दिसली. घरी येऊन भिंगाखाली धरली: तोच ठसा, तात्यांनी ज्यावर नख फिरविले होते तोच, मण्यांची तीच किनार, ‘राजा’च्या ‘ज’चा तोच तुटका पाय. परंतु चीर केवळ किनारीलगत, जवाच्या निम्म्याएवढी, ‘शिव’पासून अद्याप दूर होती. म्हणजे ही त्या सकाळची असावी, आणि तात्यांची त्याच दुपारची. दोहोंच्या मध्ये कितीतरी घाव पडले असतील, कोणी पाणी प्यावयास थांबला असेल, कोणी ठसा उजेडात धरून पाहिला असेल आणि ‘चालेल अजून’ असे म्हणून परत हातात घेतला असेल. मी तात्यांची शिवराई तबकातून उचलली, तिला एक घर उजवीकडे सरकविले, आणि मोकळ्या झालेल्या घरात ही ठेवली.