उन्हाळा आणि यंत्र

लातूरला बारावी करून मुलगा नांदेडला घरी परतला तेव्हा मे महिना सुरू झाला होता. दोन वर्षे त्याने ‘लातूर पॅटर्न’च्या वेळापत्रकात काढली होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आटोपली होती, निकाल लागायचा होता. त्या रिकाम्या दिवसांत त्याने एकच गोष्ट मागितली : घरातला डेस्कटॉप संगणक उघडून त्याचा वेग वाढवून पाहण्याची परवानगी. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्राच्या पोटातले मला काही कळत नाही. तरीही मी हो म्हणालो.

या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. निर्मात्याने ज्या वेगाची हमी दिलेली असते, त्याहून अधिक वेगाने प्रोसेसर चालवायचा. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर अनेक हौशी मंडळींनी ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालवला, आणि तेव्हापासून हा छंद विशेष फोफावला. मात्र हा वेग फुकट मिळत नाही. तो पेलण्यासाठी बहुधा व्होल्टेज वाढवावे लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते.

पहाटे खोलीत २८ अंश तापमान असताना प्रोसेसर पूर्ण भाराखाली ८८ अंशांवर स्थिरावला. मुलगा खूश झाला. दुपारी खोली ४० अंशांवर गेली आणि आकडा १०० ला भिडला. पंखा खोलीतल्याच हवेने प्रोसेसर थंड करतो. हवा १२ अंशांनी तापली की तोही जवळपास तितकाच तापतो. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीतले आकडे नांदेडच्या मे महिन्यात खरे ठरत नाहीत.

मग त्याने पंखा उतरवला. खालच्या धातूच्या पात्यांत मराठवाड्याची धूळ नमद्यासारखी बसली होती. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून गेली होती. दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटींत हवा राहू नये म्हणून ही पेस्ट लावतात. त्याने जुनी खरवडून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. दुपारचा आकडा ९२ वर आला.

पाण्याने थंड करण्याची सोय असते, असे मी कुठेतरी वाचले होते. ते सुचवताच तो हसला. “बाबा, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तुम्ही संगणकाला पाणी देताय!” मग त्यानेच समजावले, की ते पाणी बंद नळीत पुन्हापुन्हा फिरते, खर्च होत नाही, पण उचललेली उष्णता शेवटी ते याच खोलीत सोडते. खोली ४० अंशांवर असेल, तर पाणीही तिच्याहून थंड होणार नाही.

“१०० ला गेल्यावर जळला असता का?” मी विचारले.

“नाही. मर्यादेजवळ आला की तो आपणच वेग कमी करतो. पडद्यावर सगळं चालूच दिसतं, पण काम होत नसतं.” थोडे थांबून तो म्हणाला, “लातूरला माझंही तसंच व्हायचं. खोली पत्र्याची. दुपारी पुस्तक उघडं असायचं, पण डोक्यात काही शिरायचं नाही.”

दोन वर्षे मी त्याला रोज रात्री फोन करत होतो. सराव परीक्षेचे गुण विचारत होतो. खोलीला पत्रे आहेत हे मला ठाऊक होते, भाडे मीच ठरवले होते. ती दुपारी किती तापते, हे मात्र एकदाही विचारले नाही.

पुढचे दोन दिवस त्याने उलटा प्रयोग केला. वेग मूळ हमीवर आणला आणि व्होल्टेज थोडेथोडे कमी करत गेला. प्रत्येक वेळी तासभर पूर्ण भार देऊन यंत्र अडखळत नाही ना, हे पाहिले. अखेर भर दुपारी आकडा ७८ वर राहिला. “इथं एवढंच बरं,” तो म्हणाला आणि त्याने झाकण बसवले.

निकाल मनासारखा लागला नाही तर त्याला आणखी एक वर्ष लातूरला पाठवायचे, असे मी त्याला न विचारताच ठरवून टाकले होते. चौकशीही केली होती. त्या संध्याकाळी ते मी त्याला सांगितले, आणि पुढे काय करायचे ते तूच सांग, असेही म्हणालो. तो लगेच काही बोलला नाही. मीही घाई केली नाही.