माणूस आमचा, मत त्यांचं

आमच्या पिढीला नट पहिल्यांदा भेटला तो तंबूत. जत्रेला टुरिंग टॉकीज यायची, बाया एकीकडं, गडी दुसरीकडं, मधे कनात. ‘पिंजरा’ 1972 चा. तो आमच्या युसूफ वडगावच्या आसपास कधी पोचला हे आता कुणी छातीठोक सांगणार नाही. पण श्रीराम लागूंनी त्यात मास्तराची जी वाताहत दाखवली, ती पाहून गावातले गुरुजी दोन दिवस मान खाली घालून शाळेत गेले, असं आमच्याकडं सांगतात. निळू फुले पडद्यावर आले की बायांच्या बाजूनं कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. पडद्यामागचा हा माणूस सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या मांडवात जाऊन बसणारा, हे त्या मोडणाऱ्या बोटांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यांनी मोडलीच असती.

आता नट रोज भेटतो. दात घासायच्या आधी मोबाइलवर भेटतो, कुणाला काय सुनावलं ते अर्ध्या मिनिटात सांगून जातो.

तेव्हा भेटीचा पुरावा लागत नसे. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन उसाला जायचं. कोल्हापूरकडून परतलेला एखादा पाडव्याला पारावर सांगायचा, “निळूभाऊला बघितलं. शूटिंग चालू होतं.” सगळे सरकून बसायचे. “काय म्हणला?” “काई नाई. हसला.” पुढच्या साली निळूभाऊंनी त्याला गाव विचारलेलं असायचं. तिसऱ्या साली दोघांनी एका काडीवर बिड्या पेटवलेल्या असायच्या. ऐकणाऱ्यांना सगळं कळत होतं, पण टोकणं रीतीत बसत नव्हतं. गोष्ट दरसाल वाढवायची आणि बाकीच्यांनी ती वाढू द्यायची, असा तो रिवाज होता. शिकलेल्या पोरांचा रिवाज सहीच्या वहीचा. 1983 साली अंबाजोगाईला साहित्य संमेलन भरलं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. तेव्हा आमच्याकडची पोरं वह्या घेऊन यष्टीनं गेली. मोठ्या माणसासमोर उभं राहायचं, वही पुढं करायची आणि रात्रभर घोकलेलं वाक्य नेमकं विसरायचं.

आता “काय म्हणला?” कुणी विचारत नाही, “फोटू दाखव” म्हणतात. 2023 च्या नोव्हेंबरात वाराणसीत शूटिंगच्या वेळी सेल्फी घ्यायला आलेल्या एका पोराच्या डोक्यात नाना पाटेकरांनी चापट मारली. नंतर नानांनी माफी मागितली, तो प्रसंगाचाच भाग वाटला असा खुलासाही केला. पण माफी येईस्तोवर ती चापट सगळ्या देशानं पाहून झाली होती. आमच्या काळी खाल्लेली चापट तिसऱ्या साली आशीर्वाद झाली असती.

नानांचं आमच्या भागावर ऋण आहे, ते असं सहज उडवून लावता येत नाही. 2015 च्या दुष्काळात ते आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यात फिरले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या हाती पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले, ‘नाम’ ही संस्था उभी केली. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा हा माणूस टीव्हीवर शहरवाल्यांना सांगत होता की गाडीच्या काचेवर टकटक करणाऱ्याला भिकारी समजू नका, तो शेतकरी असेल. आमच्या वतीनं कुणीतरी फटकळ बोलतंय, याचं सुख काय असतं ते दुष्काळातच कळतं. मग 2018 साली एका अभिनेत्रीनं त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला. पुराव्याअभावी तपास बंद करावा, असा अहवाल पोलिसांनी दुसऱ्या वर्षी दिला. पारावर मात्र दोन तट पडले ते पडलेच. एकाला नाना देव, दुसऱ्याला नाव नको.

असलं आम्हाला जुन्या नटांबद्दल कधी ऐकावं लागलं नाही, याचा आम्ही अभिमान बाळगतो. खरं तर त्या काळी अशी तक्रार घेऊन बाईनं जायचं कुठं, हाच प्रश्न होता. आमच्या निर्मळ भक्तीत निर्मळपणा किती आणि बायांनी गप्प बसणं किती, हे तपासायला आता उशीर झाला.

तरी एक कसब आमच्याकडं होतं, माणूस आणि त्याचं मत वेगळं ठेवायचं. ‘नटसम्राट’ 1970 साली लागूंनी रंगभूमीवर उभा केला, 2016 च्या पहिल्या दिवशी नानांनी पडद्यावर. लागूंचा बेलवलकर ज्यांनी पाहिला ते भाग्यवान, बाकीचे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकून डोळे पुसणारे. तेच लागू पुढं देवाला रिटायर करा म्हणाले. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगावी जाहीर वाद-संवाद करत फिरले. दाभोलकर म्हणायचे, देवाबाबत अंधश्रद्धा निर्मूलन समिती तटस्थ आहे. लागू म्हणायचे, देव नाहीच. आणि आम्ही कोण, तर योगेश्वरीला नवस बोलणारे, आषाढीला पंढरपूर गाठणारे. पण आम्ही लागूंना सोडलं नाही. “माणूस आमचा, मत त्यांचं,” एवढं म्हणून विषय मिटायचा. आता कुणी असं वाटून घेत नाही. घ्यायचा तर सगळा, नाही तर तुडवायचा.

आमचा नातू म्हणतो, “आजोबा, म्हणजे तुम्ही त्यांचं ऐकलंच नाही.” पोरगं नेमकं बोललं. ज्याचं ऐकायचंच नाही त्याला सहन करायला कितीसं मन मोठं लागतं? उलट ज्यांनी दाभोलकरांचं ऐकलं आणि खवळले, त्यांना ते शब्द जड वाटले असणार; 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणून काय, आमचं न ऐकणं बरं होतं, असं म्हणायचं? तसंही म्हणवत नाही. एकाच बाकावर बसून एका कानानं लागू ऐकायचे आणि दुसऱ्या कानानं काकड्याची घंटा, ही सोय गेली याचं वाईट वाटतं, एवढंच.

17 डिसेंबर 2019 ला लागू गेले. आमच्या समवयस्कांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रीच फोटो पडला आणि खाली हात जोडलेली चित्रं सुरू झाली. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो, पांडुरंग त्यांना चरणाशी जागा देवो. पन्नासेक संदेश झाल्यावर एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, “अरे, निदान यांच्या वेळी तरी देवाला त्रास देऊ नका.” त्यावरही तिघांनी हात जोडले.