चार गिअरची चपटी

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाणारा रस्ता मोकळ्या गाडीला एक वाटतो आणि भरलेल्या गाडीला दुसराच. भातखाचरांमधून सपाट धावतो, मग टेकाड लागतं, ओढ्याकडे उतार, पूल, आणि पुलापासूनच चढ सुरू. उतारावर मिळालेला वेग पुलाच्या अलीकडच्या वळणात जातो आणि चढ पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो. हे चढ लांब नाहीत, पण ते संपतही नाहीत. मी गाडी शिकलो ती या रस्त्यावर. गिअर कशासाठी असतो तेही इथेच समजलं.

गाडी महिंद्राची एफसी-१५०. पुढे बॉनेट नाही, केबिन थेट इंजिनावर, मागे हौदा. आमच्याकडे सगळे तिला चपटी म्हणत. अमेरिकेत विलीज कंपनीने ही पिकअप १९५७चं मॉडेल म्हणून आणली. तिच्या त्या विलक्षण चेहऱ्यामागे ब्रुक्स स्टीव्हन्स हे डिझायनर होते. महिंद्राने ती १९६५मध्ये आपल्याकडे काढली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ८१ इंच, म्हणजे सीजे-५ जीपएवढंच. त्यामुळे माळावर, बांधाच्या कडेला, जिथे मोठा ट्रक फिरवता येत नाही तिथे ती सहज वळते. बाबांनी ती जुनी घेतली ती याच कारणासाठी.

आमचा धंदा गवताचा. दसऱ्यानंतर माळावरचं गवत कापायला घ्यायचं, वखारीत दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या, आणि मग मोठे ट्रक त्या मुंबईच्या तबेल्यांकडे नेणार. शहापूर-मुरबाडकडच्या कित्येक घरांचे हिवाळ्यातले पैसे या गवतावर आले आहेत. चपटीचं काम त्याच्या आधीचं: माळावरून वखारीपर्यंत सुटं गवत आणणं. सुटं गवत वजनाला फार नसतं, पण ते रचत गेलं की गाडीच्या दुप्पट उंच होतं आणि वाऱ्यात डोलतं. अशा वेळी चढावर झटका बसून चालत नाही. गाडी संथ, एका लयीत निघाली पाहिजे. पौषात म्हशाच्या यात्रेला जाताना हौद्यात बैल असायचा. तिथेही तेच. गिअर टाकताना धक्का बसला की बैल पाय टाकतो आणि फळी फुटते.

आणि त्या गाडीला गिअर होते तीन. टी-९० नावाचा तो गिअरबॉक्स जीपचाच. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८, दुसऱ्याचं १.५५ आणि तिसरा थेट, म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच बाहेरचा शाफ्ट फिरणार. पहिला आणि दुसरा यांच्यामधलं अंतर मोठं आहे. भरलेली गाडी दुसऱ्यात चढ काढत नाही आणि पहिल्यात ओरडत जाते. शिवाय पहिल्याला सिंक्रो नाही. सिंक्रोच्या पितळी रिंगा दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून देतात, मग गिअर अलगद बसतो. रिंगा नसल्या तर ते जुळवण्याचं काम चालवणाऱ्याने करायचं: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक थाप, पुन्हा क्लच दाबून गिअर. याला डबल क्लच म्हणतात. चढावर गाडी मागे यायच्या आत हे सगळं उरकायचं.

बाबा शिकवताना हाताकडे पाहू द्यायचे नाहीत. ‘ऐक,’ एवढंच म्हणायचे. इंजिनाचा आवाज उतरत उतरत एका जागी येतो, तिथे गिअर स्वतःहून आत जातो. त्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकला तर दाते एकमेकांवर घासतात आणि ते वाडीभर ऐकू जातं. अजूनही कुठल्याही गाडीत बसलो तरी मी आधी कान लावतो.

एकदा गवताच्या पैशांसाठी नाशिकला गेलो होतो. परतताना बाबांनी कसारा स्टेशनाशी गाडी थांबवली आणि मला आगगाडीला मागून इंजिनं लावताना दाखवली. थळघाटातला हा रेल्वेमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तिथला चढ आहे, आणि तो चढायला आजही गाडीला मागून बँकर इंजिनं रेटा देतात. ‘आपल्याला बँकर नाही,’ बाबा म्हणाले, ‘आपला पहिला गिअरच आपला बँकर.’ मला या गाडीविषयी जे म्हणायचं आहे ते सगळं त्या वाक्यात आहे. गाडीला किती गिअर हवेत हे गाडी जिथे राबते ती जमीन ठरवते.

पेट्रोल परवडेना तेव्हा चपटीत डिझेल इंजिन बसलं. त्या काळात आमच्या भागातल्या बहुतेक जीपगाड्यांची हीच कथा. महिंद्राने स्वतः सत्तरच्या दशकात जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं ते ट्रॅक्टरच्या घरातलं: १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, व्होल्टास आणि महिंद्रा यांनी मिळून काढलेल्या कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं. नांगर ओढणारं ते इंजिन आमच्या गवताला फार मानवलं. फिरतं सावकाश, पण हटत नाही. आरसी बुकात इंजिन नंबर बदलून घेतला आणि पुढची कित्येक वर्षं डिझेलच्या खर्चातच धंदा उभा राहिला.

ताण आला तो गिअरबॉक्सवर. पेट्रोल इंजिनाची ताकद सरळ वाहते, डिझेलची ठोक्याठोक्याने येते. प्रत्येक ठोका दातांना आणि बेअरिंगला बसतो. आधी आवाज बदलला, मग दुसरा गिअर सुटायला लागला. चढाच्या ऐन मध्यावर दांडी उडून न्यूट्रलला यायची. बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडी सीटला अडकवायला सुरुवात केली. ट्यूबने धरलेल्या गिअरवर, मागे गवताचा डोंगर घेऊन, ते काळू नदीकडचे चढ उतरत-चढत राहिले. त्या पट्टीची मला फार भीती वाटायची.

गिअरबॉक्स बदलायचा विचार मी काढला तेव्हा बाबा गप्प बसले. जुना उघडून नवे दाते आणि बेअरिंग टाकावं असं त्यांचं मत होतं. पण तीन गिअरचा बॉक्स कितीही नवा केला तरी पहिला-दुसरा यांच्यातली दरी तीच राहणार. किन्हवलीच्या मेस्त्रींनी सुचवला तो एमएम ५४० जीपचा चार गिअरचा केएमटी-९०. डिझेल इंजिनाबरोबर वापरलेला, पहिला गिअर आणखी खोल, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात चढासाठी एक पायरी जास्त. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकानं आहेत. तिथे आम्ही बॉक्सचं झाकण उघडून एकेका दातावरून बोट फिरवून पाहिलं. दाताची कड धारदार झालेली असेल तर घ्यायचा नाही. इनपुट शाफ्ट हलवून पाहायचा, वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग गेलं समजायचं.

बॉक्स खाली घेणं हे चपटीत जिकिरीचं काम. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, त्यामुळे वरून हात पोचत नाही. सगळं खड्ड्यात उतरून करायचं. आधी गिअर ऑइल सोडलं. ते काळं, दाट, आणि त्यात पितळेची कणी चमकत होती. मग दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, क्लचची जोडणी, मागचा माउंटिंग. चेनपुलीवर भार घेऊन बॉक्स मागे सरकवला तेव्हा क्लचप्लेट दिसली, कडेपर्यंत घासलेली. नवा बसवताना खरी परीक्षा असते ती शाफ्ट प्लेटच्या मधोमध जाण्याची. प्लेट केसभर जरी बाजूला बसली तरी शाफ्ट आत शिरत नाही, आणि भार तसाच लटकत राहिला तर प्लेट वाकते. मेस्त्रींनी जुन्या शाफ्टचा तुकडा घालून प्लेट मधोमध आणली, मगच नट आवळले. पुढे कल्याणच्या लेथवर प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी करून आणली, आणि दांडीसाठी केबिनच्या पत्र्यात नवं भोक पाडलं. जुन्या भोकावर बाबांनी स्वतः पत्रा रिव्हेटने बसवला.

नवा बॉक्स घेऊन निघालो तेव्हा सरळगावच्या अलीकडच्या चढावर बाबांनी दुसऱ्यातून तिसरा टाकला, हात दांडीवरून काढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून वरपर्यंत गेले. ‘धरतोय,’ म्हणाले.

पावसाळ्यात माळशेजला किंवा माहुलीला जाणारे लोक चपटी पाहून थांबतात. गाडी मूळ रूपात ठेवायला हवी होती असं काहींचं म्हणणं असतं. जुन्या गाड्या जपणाऱ्यांविषयी मला आदर आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५०हून अधिक वर्षांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. चपटी राबण्यासाठी घेतली होती. राबता यावं म्हणून तिचं इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला. ती आमच्या अंगणात आज चालू आहे ती या बदलांमुळेच, असं मी ठामपणे मानतो.

आता पुतण्या म्हणतो, बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स टाकू. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. आमचा रस्ता शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला आहे. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला; इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाट टाळून बोगद्यातून जाता येऊ लागलं. तिथे पाचवा गिअर हवाच. त्यात इंजिन शाफ्टपेक्षा सावकाश फिरतं, आवाज आणि डिझेल दोन्ही वाचतात. पण चपटीची खेप अजून माळावरून वखारीपर्यंतच आहे, आणि त्या वाटेवर चौथासुद्धा क्वचित पडतो. पाचवा गिअर टाकायचा तर आधी त्याला लागेल असा सपाट रस्ता तिच्या कामात यायला हवा.

सध्या ट्रान्सफर केसकडची ऑइलसील पाझरते आहे. दसऱ्याच्या आधी बॉक्स खाली घेऊन ती बदलायची, सोबत क्लचप्लेटही. गवत सुरू झालं की तिला उभी ठेवता येत नाही.