आग्नेयेचं आभाळ

माझ्या लहानपणी केजमधले अँटेने पूर्वेकडे रोखलेले असत. तिकडे अंबाजोगाईला दूरदर्शनचा मनोरा. वारं सुटलं की माळवदावरचा खांब फिरायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या आणि वडील पाना घेऊन शिडी चढायचे.

२००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत उपग्रहसेवा सुरू झाली. काही वर्षांनी आमच्याकडेही छत्री बसली. आज ही सेवा जीसॅट-१५ वरून येते. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी तो जागा न सोडता उभा असतो. केजहून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. छत्री मात्र तेवढी वर पाहताना दिसत नाही, कारण तिचा एलएनबी, म्हणजे लहरी टिपणारा भाग, मध्यावर नसून खालच्या अंगाला असतो. म्हणून लोक समोरच्या भिंतीवर संशय घेतात. अडथळा असतो वरच्या फांदीचा. आमच्या गल्लीतले ऊसतोड कामगार कोल्हापूरकडे जाताना छत्री सोबत नेतात. तिथं उंचीचा कोन तोच राहतो, तोंड तेवढं पाच-सहा अंश पूर्वेला वळवावं लागतं. झोपडीवजा कोपीसमोर ते हे सहज करतात. या कसबाचं मला फार कौतुक आहे.

आमच्या अंगणातला कडुलिंब वाढत गेला. पानगळीत चित्र स्वच्छ, चैत्रात पालवी दाटली की तुटक. झाड तोडायची भाषा सुरू झाली. मी ऑक्टोबरपर्यंत थांबायला लावलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं सूर्याच्याच रेडिओलहरींनी चित्र जातं. पण तेव्हा ऊन ज्या वाटेनं येतं, तीच उपग्रहाची वाट. सावली छत्रीवर पडली तर वाट अडलेली. आम्ही गच्चीचा ऊन असलेला कोपरा निवडला. लिंब वाचला, याचं समाधान अजून आहे.

राहिला पाऊस. उपग्रहाच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. जोरदार सर त्यांना वाटेतच शोषते, विखुरते. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. त्या पावसाळ्यात ऐन मालिकेत चित्र गेलं, तरी छत्री हलवायला कुणी उठलं नाही. वडील धनेगावच्या पाहुण्यांना फोन लावून विचारत होते, "तिकडं पडतोय का?"